थंड कॉइल, गरम कॉइल : चोर्ला घाटात दम सोडणाऱ्या गाडीचं प्रकरण

पार्श्वभूमी

गाडीचे मालक खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी. राहायला बेळगावात. मुलगी गोव्यात दिलेली, साखळीच्या बाजूला, त्यामुळे जांबोटी-कणकुंबीमार्गे चोर्ला घाटाची ये-जा नेहमीची. गाडी चार सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक, बीएस-३ या जुन्या प्रदूषण-निकषांच्या काळातली, नंतर एलपीजी किट बसवून घेतलेली. कंपनी आणि मॉडेल मुद्दाम देत नाही. अशा रचनेच्या गाड्या अनेक कंपन्यांनी काढल्या आणि इथं दोष कंपनीचा नव्हताच.

पुढचं सगळं समजायला या गाडीतली इग्निशनची मांडणी डोळ्यांसमोर हवी. हिला डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला पाळीपाळीनं करंट वाटणारा भाग, नाही. दोन कॉइल आहेत, म्हणजे बॅटरीच्या व्होल्टेजवरून ठिणगीपुरतं मोठं व्होल्टेज उभं करणारे भाग. एक १ आणि ४ नंबरच्या सिलिंडरला करंट देते, दुसरी २ आणि ३ ला. कॉइलच्या दोन्ही टोकांना एकाच वेळी स्पार्क पडतो. त्यातला एक कॉम्प्रेशनच्या शेवटाला आलेल्या सिलिंडरमध्ये कामी येतो, दुसरा एक्झॉस्टच्या सिलिंडरमध्ये वाया जातो, म्हणून हिला वेस्ट स्पार्क पद्धत म्हणतात. कॉइलच्या आत प्रायमरी म्हणजे जाड तारेचे थोडे वेढे आणि सेकंडरी म्हणजे केसासारख्या बारीक तारेचे हजारो वेढे. ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, प्रायमरीतला करंट एकदम तोडतो आणि त्या झटक्यानं सेकंडरीत वीस-तीस हजार व्होल्ट उभे राहतात.

यातून एक गोष्ट आपोआप निघते. एक कॉइल गेली की एक सिलिंडर बंद पडत नाही, दोन पडतात, आणि तेही ठरलेल्या जोडीतलेच. हे डोक्यात असलं तर निम्मं निदान मीटर बाहेर काढायच्या आधीच होतं.

तक्रार

सकाळी गाडी एका सेल्फला सुरू. गावातल्या गावात, टिळकवाडी ते मार्केट, काही म्हणजे काही नाही. लांबचा रस्ता धरला, त्यात चढ लागला, की अर्ध्या-पाऊण तासानं मिसिंग सुरू, म्हणजे काही सिलिंडर पेटतच नाहीत. पिकअप जातो, गाडी झटके खाते, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी दुसऱ्या गिअरवर रांगते. गोव्याहून परतताना केरीपासून चोर्ल्यापर्यंत सगळा चढच चढ, तिथं तर हमखास. बाजूला घेऊन वीस मिनिटं बॉनेट उघडं ठेवलं की परत शहाणी. इंजिन लाइट एकदाही लागली नाही. त्या काळातल्या गाड्यांचा ईसीयू मिसफायर, म्हणजे हे मिसिंग, मोजत नाही, तेव्हा लाइट न लागण्यावरून इग्निशन चांगलं आहे असा अर्थ काढता येत नाही.

गुरुजींचं म्हणणं थोडक्यात असं : “घाटात रेंज नाही, माणूस नाही. सोबत हिला बीपीचा त्रास. गाडी विकायची का सांगा, विकतो की.” हिला म्हणजे बायकोला, गाडीला नव्हे.

आमच्याकडे येण्याआधी

पहिल्या गॅरेजनं इंधन पंपावर संशय घेतला. संशय अगदीच हवेतला नव्हता. पेट्रोलचा पंप म्हातारा झाला की गरम झाल्यावर प्रेशर सोडतो, थंड झाला की पुन्हा चालतो. लक्षणं हुबेहूब अशीच. पंप आणि फिल्टर दोन्ही बदलले, बिल चार हजारांच्या वर गेलं. पुढच्याच गोवा फेरीत गाडी त्याच वळणांवर तशीच बसली.

दुसऱ्या गॅरेजमधला मेकॅनिक हुशार, इलेक्ट्रिकलचा जाणकार. त्यानं प्लगच्या टोप्या काढून स्पार्क बघितला, चारही ठिकाणी पडत होता. मग दोन्ही कॉइलना मल्टिमीटर लावला आणि आपल्या पोऱ्याला कानडीत सांगितलं, “सरी अद री, कॉइल ठीक आहेत.” आकडे त्यानं बिलाच्या मागं लिहून दिले होते, याबद्दल त्याचे आभारच मानायला हवेत. ओम म्हणजे तारेच्या विरोधाचं माप. प्रायमरी दोन्हींची १.१ ओम, सेकंडरी एकीची १२.९ किलोओम, दुसरीची १२.४. कॉइल चांगल्या, वायरिंग चांगलं, पंप नवा, मग राहिला ईसीयू. जुन्या बाजारातला ईसीयू अठरा हजारांपर्यंत मिळेल, असा हिशेब त्यानं दिला. गुरुजी तिथून निघाले ते शेजाऱ्याच्या सांगण्यावरून आमच्याकडे.

आमच्यासमोर आलेलं कोडं म्हणजे हा बिलाचा कागद. त्यावरचे आकडे खरे होते. त्यातून काढलेला निष्कर्ष तपासायचा होता.

पहिला निर्णय : मीटरआधी प्रश्न

बॉनेट उघडण्याआधी गुरुजींना एकच विचारलं. “गाडी झटके खाते तेव्हा गॅसवर असते की पेट्रोलवर?”

“दोन्हीवर. गॅसवर लवकर धरती. पेट्रोलवर टाकली की जरा बरी वाटती, मग पुन्हा तेच.”

या उत्तरात पंपाचा खटला निकाली निघतो. गाडी एलपीजीवर चालते तेव्हा गॅस टाकीतल्या स्वतःच्या दाबानं रिड्युसरपर्यंत, म्हणजे दाब कमी करणाऱ्या भागापर्यंत, येतो. पेट्रोलच्या पंपाचा त्यात हात नाही. पंप मेला असता तर दोष पेट्रोलवर दिसला असता, गॅसवर गाडी पळाली असती. दोन्ही इंधनांवर तोच दोष म्हणजे गुन्हेगार दोघांच्या सामाईक वाटेवर बसलाय : इग्निशन, सेन्सर, ईसीयू, किंवा इंजिनाचं कॉम्प्रेशन. आणि गॅसवर लवकर धरते, हा त्याहून बारीक धागा. सिलिंडरमध्ये वायुरूप इंधन असताना प्लगच्या फटीतून ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागतं. कमकुवत इग्निशन म्हणून गॅसवर आधी उघडं पडतं.

चार हजारांचा पंप बसवण्याआधी हा प्रश्न विचारायला एक पैसा लागला नसता. सीमाभागात निम्म्या पेट्रोल गाड्यांना गॅस किट असतं असं मला रोज वाटतं, तरी हा प्रश्न विचारणारं गॅरेज विरळाच.

समोरचे पर्याय

पर्याय एकाहून जास्त होते आणि प्रत्येकाच्या बाजूनं बोलण्यासारखं काहीतरी होतं.

ईसीयू बदलणं सगळ्यात महाग आणि सगळ्यात कमी पुराव्याचं. गरम झाल्यावर ईसीयूतला कॉइल चालवणारा ट्रान्झिस्टर दगा देऊ शकतो, हे खरं. पण जुन्या बाजारातला ईसीयू म्हणजे दुसऱ्या कुणाच्या गाडीतून काढलेला, त्याची हमी कोण देणार? बाकी सगळं संपल्याशिवाय हात लावायचा नाही, असं ठरवलं.

दोन्ही कॉइल डोळे झाकून बदलणं. खूप गॅरेजांत असंच चालतं आणि या प्रकरणात त्यानं गाडी सुधारलीही असती. पण दोष वायरिंगचा किंवा ईसीयूचा निघाला असता, तर गुरुजींचा तिसरा खर्च पाण्यात. शिवाय कॉइल का गेली हे न कळता नवी बसवली, तर तीही त्याच वाटेनं जाते.

कॉइलची अदलाबदल. दोन्ही एकसारख्या, कपलर, म्हणजे वायरीच्या टोकाचा जोड, दोन्हीकडं पोचतो. दोष कॉइलबरोबर सरकला तर कॉइल दोषी, जागेवर राहिला तर दोष दुसरीकडं. याला मीटरसुद्धा लागत नाही. उणीव एवढीच की दोष उगवेपर्यंत गाडी पळवावी लागते, तीही दोनदा.

आणि चौथा पर्याय, गाडी दोषात असतानाच, म्हणजे तापलेल्या कॉइलला मीटर लावणं. आम्ही हा पहिला घेतला आणि अदलाबदल पडताळणीसाठी राखून ठेवली.

थंड मोजमाप

आधी थंड गाडीचे आकडे आमच्या मीटरवर घेतले, म्हणजे पुढं तुलना करता येईल. किल्ली बंद, कपलर काढलेला, कॉइल गाडीतून सुटी. बसवलेल्या स्थितीत ओम मोजले तर बाकीचं वायरिंगही आकड्यात मिसळतं.

प्रायमरीसाठी मीटर २०० ओमच्या रेंजवर. सर्वात आधी मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवून बघायच्या. आमच्या मीटरवर ०.३ आलं. हा पिनांचा आणि वायरींचा स्वतःचा विरोध, तो वजा करायचा. कॉइलच्या दोन पिनांवर १.१ आलं, म्हणजे खरी प्रायमरी ०.८ ओम. हजारोंच्या आकड्यात ०.३ नं फरक पडत नाही, पण एका ओमच्या आतली वस्तू मोजताना तो तिसरा हिस्सा आहे. या जातीच्या कॉइलला साधारण अर्धा ते एक ओम बसतो, नक्की मर्यादा त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघायची.

सेकंडरीसाठी २० किलोओमची रेंज, पिना दोन्ही हाय टेन्शन टोकांत, म्हणजे प्लगच्या वायरी लागतात तिथं. १-४ ची कॉइल १२.९, २-३ ची १२.४. मोजताना दोन्ही पिनांची धातूची टोकं बोटांनी धरून बसू नये, नाहीतर अंगातून जाणारा रस्ता कॉइलला समांतर जोडला जातो आणि आकडा उगाच कमी दिसतो. घामाचे हात असतील तर जास्तच.

आकडे दुसऱ्या गॅरेजच्या आकड्यांशी तंतोतंत जुळले. म्हणजे त्या मेकॅनिकनं मोजायला चूक केली नव्हती.

इथं एक इशारा देऊन ठेवतो, कारण हे वाचून कुणी उत्साहानं आपल्या गाडीला मीटर लावेल. प्लगवरच बसणाऱ्या अलीकडच्या कॉइलमध्ये बऱ्याचदा इग्नायटर, म्हणजे करंट तोडणारं सर्किट, आतच असतो, कपलरला तीन किंवा चार पिना असतात. तिथं प्रायमरी सरळ मोजता येत नाही, मधे इलेक्ट्रॉनिक्स आहे. काही कॉइलच्या सेकंडरीत डायोड असतो, त्यात चांगल्या कॉइललाही मीटर ओपन, म्हणजे तार तुटल्यासारखं, दाखवतो. आणि चालू गाडीच्या हाय टेन्शन वायरीला मल्टिमीटर कधीच लावायचा नाही. मीटर सहाशे किंवा हजार व्होल्टचा, समोर वीस हजार. मीटर तर जातोच, धरणाऱ्याचा हातही शाबूत राहील याची खात्री नाही.

कॉइलला येणारा सप्लायही बघितला. बॅटरी १२.६ व्होल्ट, किल्ली ऑन करून कपलरच्या फीडवर १२.३. सेल्फ मारताना दहाच्या वर टिकला. वायरिंगमध्ये म्हणण्यासारखी गळती नाही.

गरम मोजमाप

दुपारी गाडी गॅसवर टाकली आणि पिरनवाडी ओलांडून किणयेच्या रस्त्याला लागलो. चोर्ल्यापर्यंत जायची गरज पडली नाही. उन्हात, एसी लावून, वरच्या गिअरवर मुद्दाम रेटत चढ घेतले, तेव्हा किणयेच्या पुढं तिनं पहिला झटका दिला. बाजूला घेतली, इंजिन चालूच ठेवलं आणि पेट्रोलवर टाकलं.

कुठले सिलिंडर मेलेत हे आधी बघायचं. आपल्याकडं चालू इंजिनात प्लगची टोपी उपसायची सवय आहे. ती सोडायला हवी. मोकळ्या वायरीतला करंट अंगावर येतो, नाहीतर कॉइलच्या आतच वाट शोधतो आणि कधी ईसीयूही घेऊन जातो. त्याऐवजी सिलिंडरला पेट्रोल देणाऱ्या इंजेक्टरचे कपलर एकेक करून काढले. १ नंबरचा काढला, इंजिन आणखी बसलं. ४ चा काढला, तसंच. २ चा काढला, काही फरक नाही. ३ चा काढला, तरीही नाही. म्हणजे २ आणि ३ आधीच झोपले होते. ठरलेली जोडी.

इंजिन बंद. हातात जाड फडकं घेऊन २-३ ची कॉइल खोलली, तिला नुसत्या हातानं धरवत नव्हतं. प्रायमरी १.३, पिनांचे ०.३ वजा जाता १.० ओम. मग २० किलोओमच्या रेंजवर सेकंडरी. मीटरच्या डाव्या कोपऱ्यात नुसता १ उभा राहिला, बाकी पडदा कोरा. म्हणजे रेंजच्या बाहेर. रेंज २०० वर केली तर ७० च्या आसपास आकडा नाचायला लागला. ६८, ७४, मधेच पुन्हा कोरा. आमच्या पोऱ्यानं कॉइल बॉनेटच्या सावलीत धरून ठेवली. थोड्या वेळानं आकडा एकदम तुटून १४.८ वर आला आणि तिथून हळूहळू खाली उतरू लागला.

१-४ ची कॉइलही लगोलग काढून मोजली. प्रायमरी तीच १.० ओम, सेकंडरी १५.६ किलोओम, स्थिर.

इथं पोऱ्या म्हणाला, “अण्णा, ही पण गेली की. पंधराच्या वर दाखवाय लागलीय.” शंका रास्त होती, पण उत्तर तांब्याच्या स्वभावात आहे. तापमान एक अंश सेल्सिअसनं वाढलं की तांब्याचा विरोध सुमारे ०.३९ टक्क्यांनी वाढतो. सकाळी गॅरेजमध्ये कॉइल २८ अंशांच्या आसपास असेल, रस्त्यावर ८५ च्या. म्हणजे ५७ अंशांचा फरक, साधारण २२ टक्के वाढ. १२.९ चे १५.७ व्हायला हवेत, झाले १५.६. ०.८ चा एक ओम व्हायला हवा, झाला. ही कॉइल गरम झाल्यावर जसं वागायला हवं तसंच वागत होती. मॅन्युअलमधल्या मर्यादा सहसा २० अंशांच्या आसपासच्या तापमानासाठी दिलेल्या असतात, त्या जशाच्या तशा तापलेल्या कॉइलला लावल्या तर चांगला माल भंगारात जातो.

२-३ च्या कॉइलचे ७० किलोओम मात्र तांब्याच्या कुठल्याच हिशेबात बसत नाहीत. सेकंडरीची बारीक तार आत कुठंतरी तुटलेली, थंड असताना टोकाला टोक टेकलेलं, आणि तापून कॉइलमधला माल फुगला की फट पडते.

मग दुसऱ्या गॅरेजला चारही प्लगवर स्पार्क कसा दिसला? एक तर गाडी थंड होती. दुसरं, हजारो व्होल्टना अशी केसाएवढी फट ओलांडता येते, त्यामुळे गरम असतानाही उघड्या हवेत काढलेल्या प्लगवर लुकलुकता स्पार्क दिसू शकतो. सिलिंडरच्या आत कॉम्प्रेशनखाली तोच स्पार्क उडायला कितीतरी जास्त व्होल्टेज लागतं, आणि घाटात भार वाढला की आणखी. मल्टिमीटर तर ओम मोजताना स्वतःच्या बॅटरीचा एखाद-दोन व्होल्ट सोडतो. इन्सुलेशन आतून जळून करंट गळत असेल, तर तो एवढ्याशा व्होल्टेजला दिसतच नाही. मीटर कॉइलला दोषी ठरवू शकतो, निर्दोष सोडू शकत नाही. दुसऱ्या गॅरेजचं नेमकं इथं हुकलं. आकडे बरोबर होते, पण त्यांच्यावरून कॉइलला यादीतून काढून टाकलं आणि मग उरलेल्या ईसीयूवर बोट गेलं.

दुसरा निर्णय : अदलाबदल करायची की नाही

एवढा पुरावा हातात असताना कॉइल आणून बसवता आली असती. तरी आम्ही दुसऱ्या दिवशी दोन्ही कॉइल जागा बदलून लावल्या आणि गाडी पुन्हा त्याच रस्त्याला नेली. कारण ईसीयूचा अठरा हजारांचा सल्ला गुरुजींच्या डोक्यात बसलेला होता, आणि तो तोंडी बोलून निघाला नसता. मिसिंग आली. इंजेक्टरचे कपलर काढून बघितलं, यावेळी १ आणि ४ मेलेले. २ आणि ३ ठणठणीत. दोष कॉइलबरोबर सरकला. ईसीयूचा ट्रान्झिस्टर आणि वायरिंग दोन्ही सुटले.

गुरुजी स्वतः सोबत होते. त्यांनी चौथ्या नंबरचा कपलर आपल्या हातानं काढून बघितला आणि इंजिनाचा आवाज बदलला नाही हे ऐकलं. त्यानंतर ईसीयूचा विषय त्यांच्या तोंडून पुन्हा आला नाही.

तिसरा निर्णय : कॉइल का गेली

प्लग काढून गेज घातला. गॅप, म्हणजे प्लगच्या टोकांमधली फट, दीड मिलिमीटरच्या घरात. पेट्रोलला या इंजिनात १.० ते १.१ चालतो, गॅसवर आम्ही ०.८ ठेवतो. किट बसवलं तेव्हा प्लगकडं कुणी बघितलेलं नव्हतं आणि नंतरही नाही. टोकं झिजून गोल झालेली. गॅप वाढला की प्रत्येक स्पार्कला जास्त व्होल्टेज लागतं, त्यात गॅसची भर, आणि हा सगळा ताण सेकंडरीच्या तारेवर आणि तिच्या इन्सुलेशनवर.

हाय टेन्शन वायरीही मोजल्या. तीन वायरी चार ते सहा किलोओमच्या मधे, लांबीप्रमाणे. २ नंबरची सरळ असताना २२ आणि वाकवली की आकडा पळायचा. बाहेरून बघाल तर रबर एकदम नवं. वायर मोजताना नुसती टोकाला टोक मोजून भागत नाही, मीटर लावलेला ठेवून ती वाकवून, हलवून बघावी लागते. खराब वायर आणि खराब कॉइल एकाच बाजूला असणं हा योगायोग मी मानत नाही. आधी वायर गेली, मग तिनं कॉइलला नेलं, असा माझा अंदाज आहे. उलटंही असू शकेल, पण बदलायचं दोन्ही होतं.

माल आणताना

गुरुजींचं बजेट आधीच पंपानं खाल्लेलं. त्यांनी विचारलं, लोकल कॉइल चालेल का? तत्त्वाला हरकत नव्हती. मीटर खिशात घालून बाजारात गेलो आणि काउंटरवरच मोजली. प्रायमरी पिना वजा करून ०.४ ओम. आकार तोच, कपलर तोच, खोक्यावर गाडीचं नाव तेच, आणि विरोध निम्मा. अशी कॉइल चालेलही, गाडी पळेलही, पण प्रायमरीतून करंट जास्त ओढला गेला की तापतो तो ईसीयूतला ट्रान्झिस्टर. ज्या ईसीयूला आपण महत्प्रयासानं निर्दोष ठरवलं, त्यालाच मारायचा हा रस्ता. दुकानदाराला मीटरचा पडदा दाखवला, त्यानं कुरकुर न करता नग मागं ठेवला.

शेवटी ओरिजिनल कॉइल एक, चार प्लग, वायरींचा सेट. दुसरी कॉइलही सोबत बदलावी का, यावर गॅरेजमध्ये वाद झाला. पोऱ्याचं म्हणणं, दोघी एकाच वयाच्या, आज एक गेली, उद्या दुसरी, आणि ती घाटातच जाणार. माझं म्हणणं, दुसरी गरम असताना मोजली आहे, आकडा हिशेबात बसतो, आणि तिच्यावरचा ताण आपण प्लग आणि वायरी बदलून उतरवतोय. गुरुजींच्या ठिकाणी टुरिस्टची गाडी चालवणारा असता, तर मी पोऱ्याच्या बाजूनं झालो असतो. निर्णय गुरुजींवर सोडला. त्यांनी एकच बदलली.

परिणाम

नवी कॉइल बसवण्याआधी तिचेही थंड आकडे कार्डावर लिहिले : ०.८ आणि १२.७. प्लग ०.८ ला सेट केले. पुन्हा किणयेचा रस्ता, पुन्हा एसी आणि चढ. मिसिंग नाही. गुरुजी पुढच्या आठवड्यात साखळीला जाऊन आले, परतताना घाट गॅसवरच चढले आणि चोर्ल्याला फक्त चहासाठी थांबले. ॲव्हरेजही वाढला. त्यात नवल नाही, दोन सिलिंडरचं न जळलेलं इंधन इतके दिवस सायलेन्सरमधून बाहेर जात होतं. त्याचा मार धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला बसतो. इथं पीयूसीचे आकडे मर्यादेत आले, तेव्हा तो बहुधा वाचला.

खर्च? कॉइल, प्लग, वायरी आणि मजुरी धरून ईसीयूच्या सल्ल्याच्या तिसऱ्या हिश्शाच्याही आत. बदललेला पंप मात्र उगाच गेला. काढलेला जुना पंप पहिल्या गॅरेजनं परत दिला नव्हता, त्यामुळे तो चांगला होता का, हेही बघता आलं नाही. काढलेला माल मागून घ्यायची सवय गाडीवाल्यांना लागायला हवी.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या गॅरेजला गॅसचा प्रश्न विचारता आला असता, त्याबद्दल वर लिहिलंच. निदान पंप बदलण्याआधी दोष आलेला असताना फ्युएल प्रेशर गेज तरी लावता आला असता.

दुसऱ्या गॅरेजकडं सगळी हत्यारं आणि समज होती, फक्त दोष आणि मोजमाप एकाच वेळी जुळले नाहीत. गरम झाल्यावर येणारी तक्रार सकाळी थंड गाडीवर शोधली. अशा वेळी सोपी वाट कॉइल अदलाबदल करून गुरुजींना “पुन्हा धरली की सांगा, कुठले सिलिंडर ते बघू” म्हणून पाठवण्याची होती. फुकट काम, आणि एका फेरीत उत्तर.

रस्त्यावर गाडी तापवण्याऐवजी टेबलावरही हे जमतं. कॉइल सुटी करून हॉट एअर गननं दुरून, हळूहळू, हाताला चटका बसेल इतपत तापवायची आणि मीटर लावून आकडा चढताना बघत राहायचं. चांगल्या कॉइलचा आकडा सावकाश, न अडखळता वाढतो. तुटलेल्या कॉइलचा मधेच उडी मारतो. प्लास्टिक वितळेल इतकी धग द्यायची नाही. गॅस आणि वेळ दोन्ही वाचतात, हल्ली आम्ही आधी हेच करतो. मात्र यात नुसती उष्णता येते, भार आणि कंप येत नाही. म्हणून टेबलावर आकडा हलला नाही तर रस्ता टळत नाही.

आणि किट बसवणाऱ्यानं त्याच दिवशी प्लगचा गॅप कमी केला असता, तर हे सगळं निदान काही वर्षं पुढं गेलं असतं. त्याचं काम गॅस गळत नाही ना एवढंच, असा एक समज आपल्याकडं आहे.

गुरुजींच्या कार्डावर आता प्रत्येक आकड्यापुढं थंड की गरम ते लिहिलंय. पुढच्या सर्व्हिसला गाडी सकाळी आणून ठेवायची नाही, दुपारी जांबोटीकडून पळवून आणायची आणि १-४ च्या कॉइलला तापलेली असतानाच मीटर लावायचा, असं त्यांना सांगून ठेवलंय.